रस्त्यावर धावणाऱ्यांचे दफ्तर
(न्यूयॉर्क रोड रनर्स या संस्थेचा संक्षिप्त इतिहास)

हौशी धावपटूंच्या मंडळाने आपल्या स्मरणिकेत स्वतःच्या वाटचालीबरोबर एखाद्या वडीलधाऱ्या संस्थेचाही वृत्तान्त द्यावा, हा संपादकमंडळाचा मनोदय सर्वथा उचित म्हटला पाहिजे. कारण ज्या मार्गाने आपण चाललो आहोत त्यावर आपल्याआधी कोणी पाऊल टाकले, त्यांना कोणत्या अडचणी आल्या आणि त्यांचे निवारण त्यांनी कसे केले, हे ठाऊक असणे कोणत्याही तरुण संस्थेस उपकारकच असते. न्यूयॉर्क रोड रनर्स ही संस्था आज तिच्या वार्षिक मॅरेथॉनमुळे जगभर ओळखली जाते. २०१९ साली त्या शर्यतीची अंतिम रेषा ओलांडणाऱ्यांची संख्या ५३ हजारांहून अधिक भरली. परंतु या वैभवाचे वर्णन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश नव्हे. १९५८ साली अवघ्या ४० सभासदांनिशी सुरू झालेले आणि धावण्याच्या हौसेखेरीज दुसरे भांडवल जवळ नसलेले एक मंडळ कोणत्या गुणांवर तगले आणि वाढले, हे पाहणे आपल्या अधिक उपयोगाचे आहे. आणि माझ्या अल्प मतीप्रमाणे ते गुण धावण्यातले कमी व दफ्तर राखण्यातले अधिक आहेत.

पूर्वपीठिका

१९५०च्या दशकात अमेरिकेत लांब पल्ल्याची धाव हा प्रकार जवळजवळ उपेक्षितच होता. बोस्टनची मॅरेथॉन १८९७ पासून चालत आलेली होती खरी, आणि न्यूयॉर्कजवळ याँकर्स येथेही अशी एक शर्यत होत असे. पण महाविद्यालयातून बाहेर पडलेला, नोकरीधंद्यास लागलेला, सकाळ-संध्याकाळ एकट्याने रस्त्यावर धावणारा गृहस्थ म्हणजे लोकांच्या लेखी एक विक्षिप्त प्राणी होता. हौशी खेळांचा कारभार ज्या अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियनच्या हाती होता तिचे लक्ष मैदानी शर्यतींकडे अधिक असे, आणि वृत्तपत्रांत विजेत्याचे नाव आले तर आले. दुसऱ्या गावी झालेल्या शर्यतीत कोण कितवा आला, किती वेळात आला, हे कळण्याचे साधन सामान्य धावकास नव्हते. परिणामी, देशभर विखुरलेल्या या मंडळींपैकी प्रत्येकास आपण एकटेच आहोत असे वाटत असावे, यात नवल नाही.

हा एकटेपणा प्रथम ओळखला तो न्यू जर्सीतील ब्राउनिंग रॉस या गृहस्थांनी. १९४८ आणि १९५२ अशा दोन ऑलिंपिकांत अडथळ्यांच्या शर्यतीत अमेरिकेचे प्रतिनिधित्व केलेल्या रॉस यांनी १९५६ साली ‘लाँग डिस्टन्स लॉग’ नावाचे एक छोटेखानी नियतकालिक सुरू केले. त्याला नियतकालिक म्हणावयाचे ते केवळ सौजन्याने, कारण ते सायक्लोस्टाईल करून काढलेल्या पानांचे साधेसुधे टिपण होते. परंतु त्यात देशातील ठिकठिकाणच्या शर्यतींचे निकाल असत, केवळ विजेत्यापुरते न थांबता मागाहून आलेल्यांचीही नावे व वेळा असत, आणि जोडीला धावकांची पत्रे, पुढील शर्यतींच्या सूचना व सरावाविषयीची चर्चा असे. तीनशे मैलांवरच्या एका अनोळखी इसमाने आपल्याहून अर्धा मिनिट कमी घेतला, हे कागदावर वाचल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी घराबाहेर पडताना पाय जड वाटत नसतील, असे मानण्यास प्रत्यवाय नाही. जवळजवळ वीस वर्षे, म्हणजे १९७५ पर्यंत, हे पत्र निघत राहिले.

याच सुमारास इंग्लंडमध्ये एक नमुना तयार झाला होता. १९५१ साली लंडन ते ब्रायटन अशी पन्नासाहून अधिक मैलांची शर्यत झाली, आणि तिच्या पाठोपाठ १९५२ साली तेथील लांब पल्ल्याच्या धावकांनी ‘रोड रनर्स क्लब’ स्थापन केला. कोणत्याही एका गावच्या संघाचा कैवार न घेता रस्त्यावर धावणाऱ्या सर्वांना एकत्र आणावयाचे आणि त्यांना एकमेकांचे वर्तमान कळवावयाचे, हा त्या क्लबाचा हेतू होता. त्याचेच अनुकरण अमेरिकेत व्हावे अशी कल्पना रॉस यांनी आपल्या पत्रातून मांडली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत ‘रोड रनर्स क्लब ऑफ अमेरिका’ ही मध्यवर्ती संस्था अस्तित्वात आली. तिचीच न्यूयॉर्कची शाखा त्याच वर्षी निघाली. आपल्या चरित्राचा विषय असलेली संस्था ती हीच.

स्थापना आणि पहिले अध्यक्ष

न्यूयॉर्कच्या शाखेचे पहिले अध्यक्ष टेड कॉर्बिट हे होते, आणि संस्थेच्या स्वभावावर त्यांचा ठसा इतका खोल उमटला आहे की त्यांच्याविषयी चार शब्द विस्ताराने लिहिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. गुलामगिरी भोगलेल्या माणसांचे नातू असलेले कॉर्बिट १९१९ साली दक्षिण कॅरोलायनातील एका कापसाच्या शेतावर जन्मले. विद्यार्थिदशेत, कृष्णवर्णीय असल्याच्या कारणावरून काही शर्यतींत त्यांना उतरू दिले गेले नाही. पुढे न्यूयॉर्कमध्ये ते भौतिकोपचारतज्ज्ञ झाले आणि हार्लेम भागातील पायोनियर क्लबात दाखल झाले. कृष्णवर्णीय गृहस्थांनी १९३६ साली काढलेल्या आणि पुढे सर्व वर्णांच्या लोकांना मुक्तद्वार ठेवलेल्या या क्लबातूनच नव्या शाखेस तिचे आरंभीचे अनेक सभासद मिळाले. त्यामुळे दाराशी येणाऱ्याचा वर्ण विचारावयाचा नाही, हा संस्कार संस्थेस जन्मतःच लाभला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकात कॉर्बिट अमेरिकेतर्फे मॅरेथॉन धावले आणि ४४वे आले. हेलसिंकी म्हटले की मराठी वाचकास खाशाबा जाधवांचे कांस्यपदक आठवणार, आणि ते आठवणे रास्तच आहे. परंतु त्याच नगरात, ज्या मॅरेथॉनमध्ये एमिल झाटोपेक यांनी सुवर्णपदक मिळविले त्याच शर्यतीत, भारताचे सुरतसिंह माथुर हे कॉर्बिट यांच्या मागोमाग ५२वे आले होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. चव्वेचाळिसाव्या आणि बावन्नाव्या क्रमांकाची दखल इतिहास सहसा घेत नाही. आपल्या शाखेने मात्र ती घेण्याचा प्रघात पाडला, याचे एक कारण तिचा पहिला अध्यक्षच तशा क्रमांकाचा मानकरी होता, हे असावे.

शाखेस स्वतःची कचेरी नव्हती. ब्राँक्समधील मॅकोम्ब्स डॅम पार्क, म्हणजे यँकी स्टेडियमच्या शेजारचे सार्वजनिक उद्यान, हेच तिचे भेटण्याचे आणि शर्यतींचे ठिकाण. फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत, जॉर्ज वॉशिंग्टनच्या जयंतीच्या सुमारास, ‘चेरी ट्री’ नावाची मॅरेथॉन ही मंडळी ब्राँक्सच्या रस्त्यांवर भरवीत. प्रेक्षक नाममात्र, बक्षिसे त्याहून नाममात्र, आणि शर्यतीचा सगळा इतमाम सभासदांनीच सांभाळावयाचा, असा तो खाक्या होता. सरावाच्या बाबतीत कॉर्बिट यांचे उदाहरणच पुरेसे होते: मॅनहॅटन बेटास पूर्ण प्रदक्षिणा घालणारी सुमारे ३१ मैलांची फेरी ते सरावादाखल धावत, आणि घर ते कामाचे ठिकाण हे अंतरही पुष्कळदा पायीच, म्हणजे धावत, तोडीत. आपल्या अनुभवाचा पाठ त्यांनी कोणावर लादल्याचे दिसत नाही; विचारणाऱ्यास मात्र ते सर्व काही सांगत, असे त्यांचे समकालीन एकमुखाने म्हणतात.

मोजणी

धावकांनी एकमेकांचे निकाल एकमेकांस कळविण्याची प्रथा सुरू झाली, तसा एक प्रश्न अपरिहार्यपणे पुढे आला. एका गावच्या दहा मैलांत आणि दुसऱ्या गावच्या दहा मैलांत फरक असेल, तर वेळांची तुलना करून उपयोग काय? त्या काळी शर्यतींचे मार्ग मोटारीच्या मीटरवर किंवा नकाशावर अजमासाने मोजले जात, आणि त्यांत पाव-अर्ध्या मैलाची तफावत सहज पडे. इंग्लंडच्या क्लबातील जॉन ज्युवेल यांनी या विषयावर अभ्यास केला होता. त्याचा आधार घेऊन आणि स्वतःच्या परिश्रमांची भर घालून कॉर्बिट यांनी १९६४ साली रस्त्यावरील शर्यतींचे मार्ग मोजण्यासंबंधी एक प्रबंध लिहिला. अमेरिकेतील मार्ग-प्रमाणीकरणाची सारी व्यवस्था पुढे या प्रबंधाच्या पायावर उभारली गेली, आणि माझ्या दृष्टीने संस्थेच्या प्रथमाध्यक्षांची हीच सर्वांत मोठी कामगिरी होय.

ही रीत आजही प्रचारात असल्यामुळे ती जरा तपशिलाने सांगतो. प्रथम पोलादी फितीने एका सरळ रस्त्यावर काही शे मीटरांचे अंतर बिनचूक आखून घ्यावयाचे. मग त्या अंतरावरून सायकल चार वेळा चालवावयाची आणि तेवढ्या अंतरात पुढचे चाक किती फिरते ते मोजावयाचे. चाकाच्या फेऱ्याचे बारीक अंश मोजणारे एक छोटे यंत्र अ‍ॅलन जोन्स या अमेरिकी गृहस्थांनी १९७१ च्या सुमारास तयार केले आणि ते त्यांच्याच आडनावाने ओळखले जाते. त्यानंतर शर्यतीच्या मार्गावर, वळणावरील कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर राखून, धावकास घेता येईल अशा सर्वांत जवळच्या वाटेने सायकल न्यावयाची; आणि मोजणी संपली की परत त्याच आखलेल्या अंतरावर येऊन पुन्हा चार वेळा पडताळा घ्यावयाचा, कारण दिवस चढता चढता टायरमधील हवा तापते आणि सकाळचा हिशेब दुपारी जुळत नाही. इतके करूनही मनुष्याच्या हातून चूक व्हावयाचीच, म्हणून प्रत्येक किलोमीटरमागे एक मीटर जादा धरावयाचा. त्यामुळे मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरांत सुमारे ४२ मीटरांची भर पडते. धावकाने दोन पावले अधिक टाकली तरी चालेल, परंतु एक पाऊलही कमी पडता कामा नये, असा हा न्याय आहे.

सेंट्रल पार्कची मॅरेथॉन

१९७० च्या १३ सप्टेंबरला संस्थेने न्यूयॉर्क शहराची पहिली मॅरेथॉन सेंट्रल पार्कमध्ये भरविली. तिचे प्रवर्तक विन्स कियापेट्टा आणि फ्रेड लेबो हे दोघे होते. रुमानियात जन्मलेले, महायुद्धाच्या धुमाळीतून वाचून अमेरिकेत आलेले आणि तयार कपड्यांच्या व्यापारात असलेले लेबो यांना धावण्याचा नाद उशिरा लागला, पण लागला तो कायमचा. प्रवेशशुल्क एक डॉलर होते; खर्चाची तजवीज पदरमोड करूनच झाली. १२७ जण निघाले आणि दमट उकाड्यात उद्यानाला चार पूर्ण फेऱ्या घालून त्यांपैकी ५५ जण शेवटास पोहोचले. रात्रपाळीचे काम आटोपून आलेले अग्निशामक दलातील गॅरी मर्की हे २ तास ३१ मिनिटे ३८ सेकंदांत पहिले आले. खुद्द लेबो ४५वे आले. मर्की यांचे नाव आणि लेबो यांचे नाव एकाच यादीत, एकाच अक्षरांत नोंदले गेले, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

त्या काळी निकाल टिपण्याची रीत सर्वत्र जवळपास सारखीच होती. अंतिम रेषेपलीकडे दोरखंड बांधून एक अरुंद बोळ केलेली असे. रेषा ओलांडणाऱ्याने आपला क्रम न मोडता तिच्यातून चालत जावयाचे. घड्याळापाशी बसलेल्या इसमाने प्रत्येकाची वेळ मोठ्याने पुकारावयाची, शेजारच्याने ती लिहावयाची, आणि बोळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्याने छातीवरील क्रमांकाच्या कागदाची खालची पट्टी फाडून क्रमाने तारेत ओवावयाची. संध्याकाळी तारेतील पट्ट्या व वहीतील वेळा यांची रुजवात घातली की निकाल तयार. मध्येच कोणी बोळीतून सटकला की त्याच्या मागच्या प्रत्येकाची वेळ चुके, आणि मग टेबलापाशी जी कैफियत चाले तिचा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांना असेलच.

स्त्रियांचा प्रवेश

संस्थेच्या इतिहासातील एक प्रसंग येथे अवश्य सांगितला पाहिजे. १९७० च्या त्या शर्यतीत नीना क्युसिक या एकट्याच स्त्री धावक होत्या, आणि प्रकृती बिघडल्यामुळे त्यांना मध्येच थांबावे लागले. पुढे युनियनने स्त्रियांना मॅरेथॉनमध्ये उतरण्याची मुभा दिली, पण ती अशा अटीवर की त्यांनी पुरुषांहून वेगळ्या वेळी वा वेगळ्या रेषेवरून निघावे. १९७२ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या शर्यतीत स्त्रियांसाठी दहा मिनिटे आधी इशारा झाला, तेव्हा सहा जणी फलक हातात घेऊन रेषेवरच खाली बसल्या; दहा मिनिटांनी पुरुषांचा इशारा झाला तेव्हा त्या उठल्या आणि सर्वांबरोबर धावू लागल्या. त्यांच्या वेळांत दहा मिनिटे मिळवण्यात आली. लेबो व त्यांचे सहकारी या धरण्याच्या पाठीशी होते, हे संस्थेस भूषणावह आहे. तो हुकूम पुढे फार काळ टिकला नाही. त्याच वर्षी केवळ स्त्रियांसाठी म्हणून संस्थेने सेंट्रल पार्कमध्ये एक छोटी शर्यत भरविली आणि तीत ७८ जणी उतरल्या. ती शर्यत अद्याप दरवर्षी होते. ओस्लो येथील शाळामास्तरीण ग्रेटे वाइट्स १९७८ साली आयुष्यातील पहिली मॅरेथॉन धावण्यास न्यूयॉर्कला आल्या, २ तास ३२ मिनिटे ३० सेकंदांत जिंकून गेल्या, आणि पुढे एकंदर ९ वेळा येथे विजयी झाल्या, ही त्या धरण्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी सुरू झालेली कथा आहे.

विस्तार आणि एक कसोटी

१९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्यास दोनशे वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, मॅरेथॉन उद्यानाबाहेर काढून शहराच्या पाचही विभागांतून नेण्यात आली. स्टेटन आयलंडवरून निघून, पाच विभाग ओलांडून, सेंट्रल पार्कात संपणाऱ्या त्या मार्गावर सुमारे दोन हजार धावक होते. हा प्रयोग एकाच वर्षापुरता होता. लोकांनी तो कायम करविला. यानंतर संस्थेकडे पैसा आला, पगारी नोकर आले, आणि हौशी मंडळीच्या कारभारास एका मोठ्या यंत्रणेचे रूप आले. या परिवर्तनाविषयी जुन्या सभासदांत मतभेद होते व ते स्वाभाविकही होते.

या भरभराटीतच संस्थेच्या मूळ तत्त्वाची कसोटी लागली. १९८१ साली आल्बेर्तो सालाझार यांनी न्यूयॉर्कचे अंतर २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांत तोडले आणि बारा वर्षांपूर्वीचा जागतिक उच्चांक सुमारे २० सेकंदांनी मोडला. त्याच दिवशी न्यूझीलंडच्या अ‍ॅलिसन रो यांनी स्त्रियांचा उच्चांक प्रस्थापित केला. शहरभर जयजयकार झाला. परंतु काही वर्षांनी मार्गाची फेरमोजणी झाली तेव्हा तो १४८ मीटरांनी कमी भरला. सालाझार यांच्या वेगाने १४८ मीटर तोडण्यास सुमारे २७ सेकंद लागतात, म्हणजे उच्चांकाचा सारा फायदा त्या तुटीतच सामावून जातो. दोन्ही उच्चांक फेरिस्तीतून वगळले गेले. ज्या संस्थेच्या प्रथमाध्यक्षाने देशास मोजणी शिकविली, तिच्याच मार्गावर ही नामुष्की ओढवावी, हा दैवदुर्विलास खरा. परंतु ज्या रीतीने ही चूक उघडकीस आली ती रीतही त्याच गृहस्थाची देणगी होती, आणि तिचा निवाडा आपल्या संस्थेवर उलटला म्हणून तो कोणी दडपला नाही. संस्थेची प्रतिष्ठा त्या दोन उच्चांकांनी जेवढी वाढली होती, त्याहून ते गमावल्याने अधिक वाढली, असे मी निःशंकपणे म्हणेन.

उत्तरकाल

लेबो यांना १९९० साली मेंदूच्या कर्करोगाने ग्रासले. दोन वर्षांनी, वयाच्या साठाव्या वर्षी, ते पाच विभागांची मॅरेथॉन धावले. बरोबर ग्रेटे वाइट्स होत्या, आणि त्या दोघांनी ५ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत शर्यत पुरी केली. ९ वेळा विजयी झालेल्या स्त्रीची ही वेळही निकालात इतरांच्या बरोबरीने नोंदलेली आहे. १९९४ च्या ऑक्टोबरात लेबो निवर्तले. २०१२ साली वादळाने शहराची दुर्दशा झाल्यामुळे मॅरेथॉन रद्द करावी लागली, तेव्हा शर्यतीसाठी आलेल्या अनेक धावकांनी पाठीवर सामान बांधून स्टेटन आयलंडवरील आपद्ग्रस्तांच्या घरी पोहोचते केले. कॉर्बिट २००७ साली वारले. ऐंशी ओलांडल्यानंतरही ते लांब पल्ल्याच्या शर्यतींत चालत भाग घेत असत.

आपल्यासाठी

आपल्या प्रांतातही या विषयाला परंपरा आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामहोत्सवात अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकास भारतीय खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९वे आले. शंभर वर्षांनंतरही त्यांची वेळ सेकंदापर्यंत सांगता येते, ती अँटवर्पला कोणी तरी घड्याळ व वही घेऊन बसले होते म्हणून. पुण्याच्या त्या शर्यतीत त्यांच्या मागून धावत आलेल्यांची नावे मात्र आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत, याचा प्रत्येकाने विचार करावा.

न्यूयॉर्कच्या संस्थेने धावणे शोधून काढले नाही आणि धावकही तिने घडविले नाहीत. तिने रस्ता खरा मोजला, आलेल्या प्रत्येकाची वेळ लिहिली, आणि ती इतरांस कळविली. धीर देण्याचा याहून मोठा मार्ग हौशी माणसासाठी नसावा. हे काम करण्यास कोट्यवधींचा निधी लागत नाही. एक पोलादी फीत, एक सायकल, एक वही आणि कंटाळा न करणारे दोन सभासद एवढ्यावर ते चालते. येत्या शर्यतीपासून आपल्या मंडळाने अशी वही घालावी, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाचे नाव व वेळ तीत लिहावी, दर महिन्यास तिची प्रत सर्व सभासदांकडे पाठवावी, आणि या कामाची जबाबदारी कोणा एकाने स्वतःचे नाव देऊन पत्करावी, अशी माझी सभासदांस विनंती आहे.